किल्ली तीच, वेष्टन वेगळे
सर्टिफिकेटचा फॉरमॅट बदलला तरी आतला मजकूर तोच राहतो. डीईआर म्हणजे नुसते बाइट्स. तेच बेस-६४मध्ये लिहून, ६४ अक्षरांच्या ओळी पाडून, वर ‘बिगिन’ आणि खाली ‘एंड’ची ओळ घातली की पेम फाइल तयार. पेम सर्टिफिकेट बहुधा ‘एमआयआय’ने सुरू होते, हेक्समधल्या ३० आणि ८२ या पहिल्या बाइट्सचा तो ठसा.

पीएफएक्समध्ये मात्र सर्टिफिकेट आणि खाजगी किल्ली एकाच पासवर्डखाली नांदतात. घोळ होतो तो इथे. जुन्या पीएफएक्समधले आरसी२ एन्क्रिप्शन २०२१च्या ओपनएसएसएल ३.० पासून ‘लेगसी’ पर्याय दिल्याशिवाय उघडत नाही, पासवर्ड बरोबर असला तरी. पीएफएक्समधून किल्ली काढताना देतात त्या ‘नोड्स’ पर्यायाचा नोडशी संबंध नाही. तो ‘नो डीईएस’, म्हणजे एन्क्रिप्शन नाही, किल्ली उघडीच बाहेर येते. अशी फाइल गिटमध्ये जाऊ देऊ नये.