बाटलीवरची पट्टी

दवाखान्यात जाताना बाटली घरून न्यावी लागे. विसरलं तर कंपाउंडरकाका काही न बोलता नुसते दाराकडे बघायचे. मग पळत घरी, बाटली धुऊन परत. शनिवार पेठेतल्या आमच्या डॉक्टरांच्या पाटीवर नावापुढे एल.सी.पी.एस. अशी अक्षरं होती. डॉक्टर नाडी बघत, जीभ बघत आणि चिठ्ठीवर एक आकडा टाकत. तीन म्हणजे खोकला, पाच म्हणजे पोट. चिठ्ठी छोट्या खिडकीतून आत गेली की पुढचं राज्य काकांचं. मोठ्या बरणीतलं लालसर मिक्श्चर मापून ओतायचं, बाटली पाण्याने गळ्यापर्यंत भरायची, बूच लावून दोनदा उलटीसुलटी करायची. मग कागदाची पट्टी दुमडून कात्रीने टचटच कापायची. ती उलगडली की कडांना सारख्या अंतरावर खाचा पडलेल्या असत. खळ लावून ती बाटलीला चिकटवली की काम संपलं. एका खाचेपासून पुढच्या खाचेपर्यंत एक डोस. "हलवून घ्यायचं," एवढी एकच सूचना. आत काय आहे हे काकांनी कधी सांगितलं नाही आणि आमच्या आईनेही कधी विचारलं नाही.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा दवाखान्यातही पाणी शिरलं. बरण्या गेल्या, कपाट गेलं आणि काकांची फॉर्म्युल्यांची वहीही गेली. दवाखाना पुन्हा सुरू झाला तेव्हा काकांनी सगळी मिक्श्चरं आठवणीतून नव्या वहीत उतरवून काढली, असं वडील कौतुकाने सांगत. डॉक्टर म्हणे शेजारी बसून ऐकत होते. त्या गोष्टीचा मला मोठेपणी उमगलेला अर्थ असा, की त्या दवाखान्यातलं अर्धं औषधशास्त्र एका अशा माणसाच्या डोक्यात होतं, ज्याचं नाव पाटीवर कुठेच नव्हतं.

आठवणींना गोड वास असतो, म्हणून दुसरी बाजूही सांगून टाकते. डोकेदुखीला मिळणाऱ्या ए.पी.सी.च्या पुड्यांत फिनॅसिटीन असे. त्याने मूत्रपिंडं खराब होतात हे कळल्यावर पुढे त्यावर बंदी आली. माझ्या मावसभावाला लहानपणी वरचेवर टेट्रासायक्लिन मिळालं. लिहिलं कोणी आणि दिलं कोणी, हे आता सांगता येणार नाही, कारण कागदच नाही. त्याचे दात जन्मभर पिवळे राहिले आणि फोटोत तो कधी हसला नाही.

एल.सी.पी.एस. म्हणजे लायसेन्शिएट. एम.बी.बी.एस.पेक्षा आखूड शिक्षण घेतलेले डॉक्टर. ससूनच्या आवारातल्या बी. जे. मेडिकल स्कूलने असे पुष्कळ घडवले. १९४६ मध्ये त्या स्कूलचं कॉलेज झालं. देशाच्या आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीचा अहवालही त्याच वर्षीचा. देशात डॉक्टर एकाच प्रतीचा असावा असं समितीच्या बहुमताने ठरवलं आणि लायसेन्शिएटचे अभ्यासक्रम हळूहळू बंद झाले. १९४८ चा फार्मसी कायदा आला आणि पुढे कंपाउंडरही ओसरत गेले. विचार चांगला होता. फक्त मधली पायरी काढून घेतल्यावर खालच्या माणसाने वर कसं चढायचं, याचं उत्तर बरीच वर्षं कागदावर कुठेच नव्हतं.

ते उत्तर रात्रपाळीच्या सिस्टरकडे होतं. पण ते लिहायचं नाही असा दंडक होता.

मी सत्तरच्या दशकात नर्सिंग शिकले. पुण्यात या शिक्षणाला जुनी पुण्याई आहे. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने विधवा आणि गरजू बायकांना ससूनमध्ये परिचारिकेचं शिक्षण मिळवून दिलं, तेव्हा पेठांमधून नाकं मुरडली गेली होती. माझ्या वेळी नाकं सरळ झाली होती, पण औषधाच्या बाबतीत धडा तोच होता: ऑर्डर डॉक्टरची, हात सिस्टरचा.

मेडिकल वॉर्ड, चाळीस खाटा, जमिनीवर आणखी दहा गाद्या आणि रात्री आम्ही दोघी. पेशंट बिघडला की कॉल बुकमध्ये लिहायचं आणि वॉर्डबॉयच्या, म्हणजे मामाच्या, हातात वही देऊन हाउसमनकडे, म्हणजे शिकाऊ डॉक्टरकडे, पाठवायचं. मामा आधी कॅज्युअल्टीत शोधणार, मग क्वार्टरवर. अर्धा तास सहज जाई. हाउसमन यायचा, केस पेपर उघडायचा, पेन काढायचा आणि थांबायचा. वय चोवीस, डोळ्यांत झोप. मग आमचं ते ठरलेलं वाक्य: "सर, मागच्या आठवड्यात दहा नंबरला तुम्ही अमुक इंजेक्शन दिलं होतं, त्याला चांगला आराम पडला." सरांनी दहा नंबरला काहीही दिलेलं नसायचं. पण ते मान हलवायचे आणि लिहायचे. प्रिस्क्रिप्शन आमचं, अक्षर त्यांचं. हा खेळ दोघांनाही कळत असे आणि दोघंही तो शिस्तीत खेळत.

एका पावसाळी रात्री दम्याची एक बाई ओठ निळे पडलेल्या अवस्थेत आली. कॉल बुक जाऊन वीस मिनिटं झाली होती. ऑक्सिजन लावला होता, अमिनोफायलिन सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये ठेवलं होतं. ते शिरेतून किती हळू द्यायचं, घाई केली तर हृदय कसं अडखळतं, हे मला त्या हाउसमनपेक्षा नीट माहीत होतं. मी दिलं. पहाटे बाई बसून चहा प्यायली. सरांनी आल्यावर ऑर्डर लिहिली आणि वेळ मात्र मागची टाकली. माझ्या मैत्रिणीचं नशीब तसं नव्हतं. तिनेही तेच केलं होतं, पेशंटही वाचला होता, पण तिच्या डॉक्टरांनी सही द्यायला नकार दिला आणि तिला मेमो मिळाला. फरक औषधात नव्हता, सहीत होता.

आज वाटतं, तिच्या मेमोचं दुःख खरं, पण माझ्या त्या मागच्या वेळेच्या सहीचंही भय वाटायला हवं होतं. चुकून बाई दगावली असती तर? मला अमिनोफायलिन कोणी शिकवलं नव्हतं. बघून बघून आलं होतं. बघून आलेलं ज्ञान कुठे संपतं ते ज्याचं त्याला दिसत नाही.

शहरात हा लपाछपीचा खेळ चालला होता तेव्हा शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला केईएम हॉस्पिटलच्या डॉ. बानू कोयाजी गावातल्या बायकांना उघडपणे शिकवत होत्या: ताप, जुलाब, बाळंतपणानंतरची काळजी आणि नेमकी थोडीच औषधं. पुढे गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी तर कमालच केली. ३९ गावांतल्या बेताच्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं. तेव्हा मी नर्सिंग शिकवत होते. तो अंक वर्गात नेऊन मुलींना दाखवला होता. इतकी वर्षं शिकून आपल्याला जे करायची मुभा नाही ते सातवी शिकलेली बाई करते, याचा मुलींना राग आला. मला हेवा वाटला. त्या बायकांना काय करायचं आणि कुठे थांबायचं, दोन्ही शिकवलं होतं.

आता माझी एक विद्यार्थिनी मुळशी तालुक्यातल्या उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. गावात तिला सीएचओ मॅडम म्हणतात. 'सिस्टर' म्हटलेलं तिला आवडत नाही, मला आवडतं, यावरून आमची गंमत चालते. २०१८ पासून आयुष्मान भारतमध्ये ही पदं आली. बी.एस्सी. नर्सिंग किंवा आयुर्वेदाची पदवी, त्यावर सहा महिन्यांचा कोर्स. नर्सिंगच्या नव्या अभ्यासक्रमात तर तो आतच घातला आहे. तिच्या कपाटात ठरावीक यादीतली औषधं आहेत. साध्या तापाला, जुलाबाला ती स्वतः देते. रक्तदाब नि मधुमेहाची गोळी सुरू करणार प्राथमिक केंद्राचे डॉक्टर, पण दर महिन्याला मोजून देणार, दाब तपासणार, बिघडलं तर पाठवणार ती. अडलं तर ई-संजीवनीवर डॉक्टर पडद्यावर येतात. कॉल बुक नाही, मामा नाही. रेंज नसेल तर मात्र जुनाच अर्धा तास.

तिची रजिस्टरं मी पाहिली. औषधाचं नाव, मात्रा, तारीख, खाली तिची पूर्ण सही. मी नोकरीभर जे केलं ते असं एका ओळीत, उजळ माथ्याने लिहिलेलं पहिल्यांदा पाहिलं आणि थोडा वेळ पान उलटलं नाही.

दुसरी एक विद्यार्थिनी इंग्लंडमध्ये लेस्टरला आहे. ती सरळ प्रिस्क्रिप्शन लिहिते. तिथे १९९४ मध्ये मोजक्या ठिकाणी, घरोघर जाणाऱ्या नर्सेसना छोट्या यादीपुरती परवानगी देऊन सुरुवात झाली. २००६ पासून नर्स आणि फार्मासिस्ट जवळजवळ सगळी औषधं लिहू शकतात, २०१३ पासून फिजिओथेरपिस्टही. म्हणजे यादी वाढायला बारा वर्षं लागली. आणि परीक्षा? औषधशास्त्रात ८० टक्के, मात्रेच्या हिशोबात १०० पैकी १००. नव्व्याण्णव पडले तरी नापास.

आपल्याकडे २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात, कलम ३२ मध्ये, अशा मधल्या सेवकांना मर्यादित परवान्याची तरतूद आली, तेव्हा डॉक्टर रस्त्यावर उतरले. २०२५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्रात पुन्हा संप झाला, या वेळी वर्षाचा कोर्स केलेल्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांच्या नोंदणीवरून. डॉक्टरांची भीती खोटी नाही. अँटिबायोटिक्सची आपण केलेली उधळण मी वॉर्डात पाहिली आहे. पण ती उधळण करणाऱ्यांत एम.डी.ही होते. आणि दोन्ही बाजूंच्या आरडाओरड्यात रात्री जागणाऱ्या सिस्टरचं नाव कोणी घेतलं नाही, हेही नोंदवून ठेवते.

माझं मत विचाराल तर सीएचओच्या कोर्सचे सहा महिने कमी आहेत. यादी छोटी ठेवा, पण तिच्यातलं प्रत्येक औषध नखशिखांत शिकवा. हिशोबाचा पेपर इंग्लंडसारखा १०० पैकी १०० चा ठेवा. मुळशीच्या मुलीला मी दर शनिवारी संध्याकाळी फोनवर एक गणित घालते. मागच्या शनिवारचं असं: आठ किलोचं मूल, ताप, पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम. सिरप किती? तिने पटकन सांगितलं, ४.८ मिली. मी विचारलं, "कोणतं सिरप?" पलीकडे शांतता. बाजारात ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचंही मिळतं आणि २५० चंही. दुसरं असेल तर उत्तर २.४.

काकांच्या पट्टीवर किती घ्यायचं ते होतं, काय घ्यायचं ते नव्हतं. आता बाटलीवर सगळं छापलेलं असतं, फक्त बारीक अक्षरात. हे वाचून झालं की उठा, चष्मा लावा आणि घरातल्या तापाच्या बाटलीवर १२५ लिहिलंय की २५०, ते बघून ठेवा.