मोजून झालं... आता पुढे?

वीकएण्ड म्हटलं की आपली गाडी आपोआप लोणावळा नाहीतर महाबळेश्वरकडे वळते. एकदा उलट्या दिशेने काढून बघा. पुण्याहून सोलापूर साधारण अडीचशे किलोमीटर आणि तिथून बार्शी रोडने वीसेक किलोमीटरवर नान्नज. इथे धबधबा नाही, सनसेट पॉइंट नाही, गरमागरम मॅगीची टपरीही नाही. आहे तो फक्त माळ. सपाट, गवताळ, नजर जाईल तिथपर्यंत. पहिली पाच मिनिटं मलाही वाटलं, इथे बघायचं तरी काय? मग गवत हललं आणि काळविटांचा अख्खा कळप उड्या मारत निघाला. नशीब जोरावर असेल तर लांडगाही दिसतो.

दिसत नाही तो ज्याच्या नावाने हे अभयारण्य आहे तो. माळढोक! जवळजवळ मीटरभर उंच आणि नराचं वजन पंधरा किलोपर्यंत. एवढं धूड घेऊन हा पक्षी चक्क उडतो. त्याच्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात गावं आली, शेतं आली. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली, आणि लोकांचा राग निघाला तो बिचाऱ्या पक्ष्यावर. पुढे हे क्षेत्र बरंच कमी करण्यात आलं.

या सगळ्या काळात एक गोष्ट मात्र नेमाने होत राहिली, ती म्हणजे मोजणी. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळ बसायचं, दिसेल ते लिहायचं. २००० नंतरच्या दशकात दोन डझनांच्या आसपास असणारा माळढोकांचा आकडा पुढच्या दशकात एक आकडी झाला. आता एखादा पक्षी दिसला तरी पेपरात बातमी येते.

मोजणी नकोच, असं मला म्हणायचं नाही. न मोजता केलेलं काम कसं अंगाशी येतं, तेही याच माळावर दिसलं. 'निसर्ग वाचवा' म्हणजे 'झाडं लावा', या हिशेबाने इथे ग्लिरिसिडिया लावला गेला. पण माळढोकाला लागतो मोकळा माळ, जिथे लांबवरचा धोका दिसेल. त्याच्या घरात आपण झाडांच्या भिंती उभ्या केल्या! माहिती हवीच. प्रश्न एवढाच, की किती माहिती मिळाली म्हणजे हातपाय हलवायचे?

ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस आयलंडवर पिपिस्ट्रेल नावाचं एक इवलंसं वटवाघूळ होतं. त्याची संख्या घटतेय हे शास्त्रज्ञांना १९९० च्या दशकापासून दिसत होतं. उरलेली पकडून त्यांची पैदास करायला सरकारने होकार दिला तो २००९ च्या जुलैमध्ये. ऑगस्टमध्ये टीम तिथे पोचली तेव्हा एकाच वटवाघळाचा आवाज मिळत होता. २६ ऑगस्टनंतर तोही थांबला. घसरणीचा आलेख तेवढा शिल्लक राहिला.

उलट कॅलिफोर्नियात १९८७ मध्ये काँडॉर गिधाडं जेमतेम २७ उरली होती. तिथे शेवटचा पक्षीही पकडून पिंजऱ्यात नेला. प्रचंड वाद झाला. पण आज काँडॉर पाचशेच्या वर आहेत.

आपला माळढोक या दोन गोष्टींच्या मधोमध उभा आहे. १९६९ च्या सुमारास देशात अंदाजे १,२६० माळढोक होते. आज जंगलातले दीडशेही भरत नाहीत आणि त्यातले बहुतेक राजस्थानात. २०११ मध्ये तो 'अतिसंकटग्रस्त' यादीत गेला. पैदाशीसाठी जैसलमेरच्या माळावरची अंडी उचलली गेली ती २०१९ मध्ये. म्हणजे मध्ये आठ वर्षं. मादी एका वेळी साधारण एकच अंडं घालते, त्यामुळे ते उचलायची भीती वाटणं साहजिकच. पण तिकडे विजेच्या तारांना धडकून पक्षी मरतच होते, कारण त्यांना समोरचं नीट दिसत नाही. तारा जमिनीखाली घ्या, असं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलं आणि २०२४ मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. दरम्यान सम आणि रामदेवरा इथल्या केंद्रांत पिल्लं वाढत गेली. २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातूनही पिल्लू जन्मलं. केंद्रांतल्या पक्ष्यांनी आता साठी ओलांडली आहे.

नान्नजच्या वाट्याला हे आलं नाही. इथले दोन डझन पक्षी हातात होते तेव्हा 'पंधरावर आले की हे करू, दहावर आले की ते' असं कोणी आधीच ठरवून ठेवलं असतं तर? मोजणीच्या वहीत हा एक रकाना हवा होता. कुठल्या आकड्याला कोणी काय करायचं, एवढाच.

माळ अजून आहे, आणि हीच आशेची गोष्ट. राजस्थानातली पिल्लं उद्या मोकळी सोडायची म्हटली तर त्यांना अशाच जागा लागतील. तो टिकला, त्यावर आणखी झाडं आणि तारा आल्या नाहीत, तर नान्नजचं नाव त्या यादीत असू शकतं.

जायचं असेल तर पावसाळा संपता संपता जा, तेव्हा गवत ऐन भरात असतं. वनविभागाची परवानगी घ्या, गाडी माळावर घालू नका. परतताना सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगा चटणी चुकवू नका. आणि कोणी विचारलंच, 'काय पाहिलंस?' तर बिनधास्त सांगा, रिकामा माळ. तो तसाच मोकळा राहायला हवा, हेही सांगा.