लायसन्सच्या आधी ट्रॅक

मार्च 2015 मध्ये मेलबर्नच्या शर्यतीत मॅक्स व्हर्स्टॅपेन पहिल्यांदा फॉर्म्युला वनमध्ये उतरला, तेव्हा तो 17 वर्षांचा होता. ताशी 300 किलोमीटरच्या पुढे धावणारी गाडी त्याच्या स्वाधीन केलेली होती, आणि रस्त्यावर मोटार चालवायचं लायसन्स त्याच्याकडे नव्हतं. ते मिळालं त्याच वर्षी 30 सप्टेंबरला, त्याच्या अठराव्या वाढदिवशी. एवढ्या कोवळ्या वयात हे धाडस कशाला, अशी ओरड तेव्हा झाली आणि पुढच्या वर्षापासून फॉर्म्युला वनसाठी 18 वर्षांची अट आली. मला मात्र त्या मुलाच्या वाटचालीत उलटसुलट काही दिसलं नाही. चार-साडेचार वर्षांचा असल्यापासून तो कार्टमध्ये, म्हणजे शर्यतीच्या छोट्या उघड्या गाडीत, बसत होता. वेगाशी त्याची ओळख बंदिस्त जागेत, जाणत्या माणसांच्या नजरेखाली, टप्प्याटप्प्याने झाली होती. रस्ता नंतर आला. हाच क्रम बरोबर आहे, असं माझं ठाम मत आहे. माझी मुलगी चौदाव्या वर्षी कार्टिंग शिकू लागली, तेव्हापासून ते अधिकच पक्कं झालं आहे.

या वयात वेगाची ओढ असते. ती कुणी शिकवत नाही आणि दटावून ती जातही नाही. आपल्याकडे या ओढीची सोय घराघरांतून गुपचूप केली जाते. क्लास लांब आहे, बस वेळेवर येत नाही, म्हणून नववी-दहावीतल्या मुलाच्या हातात स्कूटरची चावी येते. 'मेन रोडला जाऊ नकोस' एवढी एक ताकीद, की झालं. चारचाकीची सुरुवात सोसायटीच्या आवारात होते आणि ती आवारातच थांबेल, असं आपण धरून चालतो. 1988 चा मोटार वाहन कायदा 18 वर्षांखालच्या मुलाला सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवू देत नाही. 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीपुरती 16 व्या वर्षी सवलत आहे. आज घरोघरी दिसणाऱ्या स्कूटर तिच्यात बसत नाहीत. 2019 च्या दुरुस्तीने तर जबाबदारी थेट पालकांवर आणि वाहनमालकावर टाकली. मुलाने गुन्हा केला, तर त्यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. हे सगळं कागदावर असतानाच 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला 17 वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. त्यांच्या घरांचा विचार मनात आला, की 'मुलं आहेत, करायचीच' हे वाक्य पुन्हा तोंडातून निघत नाही.

पण कायद्याचा हाच मजकूर एक वाटही मोकळी ठेवतो. बंदी सार्वजनिक ठिकाणी आहे. खासगी, बंदिस्त ट्रॅकवर समोरून ट्रक येत नाही, म्हातारी आजी रस्ता ओलांडत नाही, शाळा सुटलेली नसते. तिथे चूक झाली तर कार्ट गर्रकन फिरते, कडेच्या टायरांच्या भिंतीला टेकते आणि मार्शल पिवळा झेंडा दाखवतो. इजा तिथेही होऊ शकते. म्हणून तर हेल्मेट, मानेचा पट्टा, बरगड्यांचं कवच यांच्यावाचून कुणाला आत घेऊ नये. पण चुकीची किंमत अनोळखी माणसाच्या जिवाने चुकवावी लागत नाही. शिकणाऱ्याला चुका करायला जागा हवी असते, आणि रस्ता ही ती जागा खचित नाही.

कार्ट हे मोठं प्रामाणिक यंत्र आहे. गिअर बदलायची भानगड बहुतेक कार्टना नसते. डाव्या पायाला ब्रेक, उजव्याला ॲक्सिलरेटर. धक्के सोसणारं सस्पेन्शन नाही. बसण्याची जागा जमिनीला जवळजवळ टेकलेली, त्यामुळे ताशी 40 चा वेगही अंगावर येतो. मागची दोन्ही चाकं एकाच सलग दांड्यावर असतात. वळताना आतलं चाक जरासं उचललं गेलं, तरच ती सुखाने वळते. स्टिअरिंग नुसतं ओढून धरलं, तर पुढची चाकं घसरत राहतात आणि कार्ट सरळच जाऊ पाहते. दांडगाईला ती दाद देत नाही. बळ लावणारी मुलं मागे राहतात आणि हळुवार हाताची मुलं पुढे निघून जातात, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

आणि पहिला धडा वेगाचा नसतोच. मुलीच्या प्रशिक्षकांनी आधी सगळ्या मुलांना ट्रॅकवरून पायी फिरवलं. कुठे ब्रेक दाबायचा, वळणाच्या बाहेरच्या कडेने आत कसं यायचं, आतल्या टोकाला कुठे स्पर्श करायचा आणि पुन्हा बाहेर कसं सुटायचं, हे पायांनी समजून घ्यायचं. मग झेंडे: पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक करायचं नाही, निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे, लाल म्हणजे सत्र थांबलं. मग ब्रेक, तोही वळणात शिरण्याआधी, गाडी सरळ असताना. टायरची पकड ही मध्यमवर्गीय घरातल्या पगारासारखी असते. ब्रेकवर सगळी खर्च केली, तर वळायला काही उरत नाही. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं, हे पुस्तकात सगळेच वाचतात. तिथे मुलांना ते पोटात जाणवतं.

त्याहून मोठा धडा नजरेचा. गाडी नजरेमागे जाते. टायरांच्या भिंतीकडे बघत राहिलात तर तिच्यावरच जाऊन आदळता, म्हणून पुढच्या वळणाकडे बघायचं. ताशी 60 च्या वेगात दर सेकंदाला जवळजवळ 17 मीटर अंतर मागे पडतं. मोबाइलकडे दोन सेकंद पाहणारा माणूस तेवढ्यात तेहतीस मीटर डोळे मिटून गेलेला असतो. हे ज्या मुलाच्या अंगी अठराव्या वर्षाआधी बाणलेलं असेल, ते मूल रस्त्यावर येईल तेव्हा त्याच्याविषयी मला भरवसा वाटेल.

ही वाट आपल्या देशात नवी नाही. कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन 1992 साली, पंधराव्या वर्षी, फ्रान्समधल्या विनफिल्ड रेसिंग स्कूलमध्ये दाखल झाला आणि 2005 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय ठरला. मुंबईच्या जेहान दारूवालाला फोर्स इंडिया या तेव्हाच्या फॉर्म्युला वन संघाने 2011 मध्ये देशभरातल्या कार्टिंग करणाऱ्या मुलांमधून निवडलं, तेव्हा तो जेमतेम 13 वर्षांचा होता. डिसेंबर 2020 मध्ये बहारीनला त्याने फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली. आपल्या कोल्हापुरात मोहिते यांच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. स्पर्धेत उतरायचं तर फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या संस्थेचं स्पर्धा-लायसन्स लागतं आणि अल्पवयीन मुलासाठी पालकांची संमती. त्या कागदावर सही करताना माझा हात जड झाला होता. पण आपण कशाला हो म्हणतो आहोत, हे त्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. स्कूटरची चावी देताना असा कागद कुणी पुढे करत नाही.

हा खेळ महाग आहे, हे खरंच. स्पर्धेपर्यंत पोचायचं तर टायर, इंजिन, प्रवास यांत सामान्य घराची बचत आटून जाते, आणि गुणी मुलं पैशापायी मागे राहतात याचं मला मनापासून दुःख आहे. ट्रॅक अजून मोठ्या शहरांभोवतीच आहेत. सांगली-सोलापूर-नांदेडच्या मुलाने जायचं कुठे, या प्रश्नाला आज चांगलं उत्तर नाही. क्रीडासंकुलं बांधताना जलतरण तलावाला जागा मिळते, तशी एका छोट्या कार्टिंग ट्रॅकलाही मिळायला हवी. पण शिकायला स्पर्धा लागत नाही. भाड्याच्या कार्टवर महिन्यातून एखादं सत्र, सोबत जाणता शिक्षक, एवढ्यानेही ब्रेक, नजर आणि संयम या तीन गोष्टी मुलाला मिळतात.

मुलगी शर्यतपटू होईल की नाही, मला ठाऊक नाही आणि त्याची घाईही नाही. रस्त्यावरची गाडी मात्र तिला अठरा पूर्ण झाल्यावर, लायसन्स हातात आल्यावरच मिळेल, हे घरात ठरलेलं आहे आणि त्यावर तिची कुरकुर नाही. तुमच्याही घरात गाडीच्या आवाजाने ज्याचे डोळे लकाकतात असं मूल असेल, तर त्याला नुसतं 'नाही' म्हणून गप्प बसवू नका आणि गुपचूप चावीही देऊ नका. जवळच्या ट्रॅकची चौकशी करा, एखाद्या रविवारी त्याला घेऊन जा, हेल्मेटचा पट्टा स्वतः आवळून बघा आणि तो पहिली फेरी मारत असताना कठड्यापाशी उभे राहा.