परसातला धबधबा

गतवर्षी श्रावणातल्या एका संध्याकाळी आमच्या पाच वर्षांच्या नातवास थंडी भरून ताप आला. रक्त तपासले तेव्हा हिवताप निघाला. औषधाने पोर बरे झाले, पंधरा दिवसांत पूर्ववत् हुंदडूही लागले. परंतु त्या पंधरा दिवसांत घरातल्या प्रत्येकाची दृष्टी एकदा तरी परसातल्या तळ्याकडे गेली आणि तेथून आमच्याकडे वळली. कोणी काही बोलले नाही. एकत्र कुटुंबात न बोललेले शब्द किती स्पष्ट ऐकू येतात, हे वाचकांस आम्ही सांगावयास नको.

तळे म्हणजे काही मोठा जलाशय नव्हे. बोरिवलीच्या आमच्या बैठ्या घरामागे आठ फूट लांब, सहा फूट रुंद आणि दोन फूट खोल असा तो सिमेंटचा हौद आहे. हिशेबच करावयाचा तर सुमारे सत्तावीसशे लिटर पाणी. आमच्या मातोश्रींनी वडिलांच्या मागे लागून तो बांधून घेतला. मातोश्रींचे माहेर दापोलीकडचे. त्यांच्या घरामागून डोंगरातल्या पाण्याचा पाट जात असे. पोफळीच्या पन्हळीतून ते पाणी दगडी दोणीत पडे आणि त्याचा आवाज रात्रंदिवस घरात भरून राही. बोरिवलीस नळ होता, पाट नव्हता. हौद भरला, त्यात कुंडीतले कमळ ठेविले, चार मासे सोडले, तेव्हा काठावर बसून मातोश्री म्हणाल्या, "पाणी आलं खरं, पण बोलत नाही." हे वाक्य आम्ही पुढे त्या असेपर्यंत ऐकले आणि दर वेळी हसण्यावारी नेले.

असो. नातू अंथरुणात असतानाच कीटकनाशक खात्याचा एक तरुण मनुष्य तपासणीस आला. त्याने पांढऱ्या पळीत तळ्याचे पाणी घेऊन आमच्यापुढे धरले. पाण्यात दोन अळ्या वळवळत होत्या. "गुरुजी, ही अळी पाण्याच्या पृष्ठभागाशी आडवी पडलीये, पाहिलीत? दुसऱ्या डासांच्या अळ्या डोकं खाली करून तिरक्या लोंबतात. ही हिवतापाच्या डासाची." छत्तीस वर्षे मुलांना शिकविले, पण स्वतःच्या अंगणात इतका नेमका पाठ आम्हांस कोणी दिला नव्हता. मुंबईतला हिवतापाचा डास घाणेरड्या गटारात वाढत नाही. त्यास विहिरी, टाक्या, हौद यांतले स्वच्छ व स्थिर पाणी लागते. १९११ साली डॉक्टर बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापावरील आपल्या अहवालात शहरातल्या विहिरींवर बोट ठेविले, आणि त्यापुढे विहिरी झाकण्या-बुजविण्यावरून धर्मभावनेचा मोठा वाद माजला. त्या वादातले विहिरीचे अभिमानी आम्हांस पूर्वी पूज्य वाटत. पोराच्या उशाशी बसलो असता तितकेसे वाटले नाहीत.

त्या रात्री सूनबाई आमच्यापाशी आली. "बाबा, आजींचं तळं बुजवा असं मी म्हणत नाही. पण याला पुन्हा ताप आला तर मला तुमच्याशी पूर्वीसारखं बोलता येणार नाही." तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते आम्हांस अधिक लागले.

डासाची अळी श्वासासाठी पृष्ठभागाशी येते. पृष्ठभाग हलता ठेविला तर तिचे फावत नाही, आणि अंडी घालणारी मादीही अशा पाण्यास टाळते. तेव्हा पाणी हलविणे हा एक उपाय, तो कमी पडल्यास बुजविणे हा दुसरा. सूनबाईकडे आम्ही पावसाळ्यापुढची सहा महिन्यांची मुदत मागितली. तोवर हौद कोरडा केला, मासे शेजारच्या काचपेटीत पाठविले, आणि धबधबा बांधण्याचा संकल्प सोडला.

येथे आमचा संस्कृताचा किडा वळवळल्यावाचून राहिला नाही. आपण आज धबधब्यास प्रपात म्हणतो; परंतु अमरकोशाच्या शैलवर्गात प्रपात म्हणजे कडा, तुटलेला उभा तट. पडणाऱ्या पाण्याचे नाव निर्झर किंवा झर. म्हणजे अमरसिंहाच्या लेखी पाण्याहून कडा निराळा. ही भाषिक करमणूक आम्ही घरात सर्वांस ऐकविली आणि स्वतः मात्र तिच्यापासून काही शिकलो नाही.

जुन्या पडवीच्या जोत्याचे काळे दगड परसात पडून होते. ते आम्ही व धाकटे बंधू यांनी मिळून तळ्याच्या एका टोकास साडेतीन फूट उंच रचले, मधल्या फटींत सिमेंट भरले, मागून नळी वर नेली आणि तळ्यात पंप सोडला. सर्व मंडळी जमली. पाणी दोन पायऱ्या उतरून खाली आले, नातवाने टाळ्या पिटल्या. सकाळी पाहतो तो तळे चार इंच खाली गेलेले! चार इंच म्हणजे साडेचारशे लिटर. आमचे कुटुंब कमरेवर हात ठेवून म्हणाले, "अहो, नळाला पाणी यायची वेळ ठरलेली, अन् तुम्ही रात्रभर शेजाऱ्यांच्या केळी शिंपल्यात." पाण्यापैकी निम्मे दगडांच्या पोटातून मातीत जात होते, उरलेले कडेवरून सुटून न पडता दगडाच्या अंगास चिकटून ओघळत होते. त्यामुळे आवाजही धड नव्हता.

या फजितीनंतर एका रविवारी नातवास घेऊन आम्ही कान्हेरीस गेलो. शाळेच्या सहली आम्ही तेथे कितीदा नेल्या असतील, पण दर वेळी चैत्य दाखवावा, लेख दाखवावे आणि मुले मोजून परत आणावी. पाण्याकडे पाहिले नव्हते. शंभराहून अधिक लेणी, आणि बहुतेक लेण्यांपाशी खडकात कोरलेले टाके. तेथल्या ब्राह्मी लेखांत त्यास पोढी म्हटले आहे. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने अशी पोढी दान दिल्याचा लेख तेथे आहे. पावसाचे पाणी टाक्यात आणण्यासाठी खडकावर बारीक सऱ्या खोदल्या आहेत. पाण्यास जावयाची वाट आधी अखंड दगडात कोरली, मग पाणी आपसूक त्या वाटेने गेले. आमचे उलट झाले होते. आम्ही दगड रचले आणि पाण्याने आपली वाट आपण शोधली. याच डोंगरांत १८६० साली विहार आणि १८७९ साली तुळशी हे तलाव बांधून मुंबईने आपली तहान भागविली. त्या पायथ्याशी जन्म काढून आम्हांस हे साठीनंतर कळावे!

परत येऊन सारा ढिगारा उतरविला. या खेपेस गवंडी बोलाविला. प्रथम माती धुमसून पायऱ्या केल्या, त्यांवर जाड ताडपत्रीचा एकच अखंड तुकडा माथ्यापासून थेट तळ्याच्या आतपर्यंत अंथरला, दोन्ही कडा सहा-सहा इंच वर उचलून दाबल्या, आणि मग तिच्या पोटात दगड बसविले. आता दगडांतून झिरपलेला थेंबही शेवटी तळ्यातच येणार. पाणी सुटावयाच्या जागी गवंड्याने सहा इंच रुंदीचा कडाप्पा किंचित पुढे उतरता करून दोन इंच बाहेर काढला, आणि त्याच्या खालच्या अंगास आडवी खाच मारली. "छज्जाला मारतो तीच ही खाच, मास्तर. नाहीतर पागोळी भिंतीला धरून येते." त्या एका खाचेने पाणी दगडास सोडून पडद्यासारखे पडू लागले. अमरसिंहाचा प्रपात आम्हांस त्या दिवशी समजला.

पंपाविषयी दोन शब्द, कारण तेथे आम्ही दुकानदारासमोर अज्ञानी ठरलो होतो. खोक्यावर ताशी तीन हजार लिटर लिहिलेले असते ते उंची शून्य असतानाचे. जितके वर चढवाल तितके पाणी घटते. आमच्या साडेतीन फुटांस ते बादलीने मोजून पाहिले तो ताशी दोन हजाराच्या आसपास भरले. सहा इंच कडेस तेवढे पुरते. पंप चाळीस वॅटचा, म्हणजे अहोरात्र चालवूनही दिवसास एक युनिटच्या आत. वायरमनकडून विजेची गळती होताच आपोआप पडणारा आरसीसीबीचा खटका मात्र आधी बसवून घेतला; ज्या घरात पोरे पाण्यात हात घालतात तेथे यात काटकसर करू नये. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरून मासे मरतात, म्हणून तीनदा तळे भरून उपसले आणि तीन आठवड्यांनी मासे सोडले. उपसलेले पाणी या खेपेस आमच्याच आंब्यास गेले. वैशाखात मात्र बाष्पीभवनापायी रोज दोन बादल्या भर घालावी लागली, हे कबूल केले पाहिजे. कुटुंबाने त्या मोजल्या आहेत.

एवढे होऊनही ज्येष्ठात पळीत एक अळी सापडलीच. धबधब्याच्या विरुद्ध कोपऱ्यात, कमळाच्या पानांआड पाणी निवांत उभे होते. तेथे गप्पी मासे सोडले, तेव्हा अळ्या संपल्या. पण मग कमळ रुसले. कमळास पानांवर उडणारे पाणी आणि प्रवाह सोसत नाही. मातोश्रींच्या हातचा तो कंद, त्यास कळी धरेना. पंप रात्री बंद ठेवावा असे आम्ही सुचविले. परंतु वनस्पती रात्री पाण्यातला प्राणवायू ओढतात आणि पहाटे मासे वर येऊन तोंडे वासतात, हेही आम्ही पाहिले होते. कमळ की मासे, आणि माशांमागे नातू, असा तो प्रश्न. आम्ही दोन दिवस त्याभोवती घुटमळलो. कुटुंबाने क्षणात निकाल दिला: "कमळ टोपात लावा, त्यात दोन गप्पी टाका. सासूबाई असत्या तर त्यांनीही हेच केलं असतं." ते आता तुळशीवृंदावनाजवळ टोपात आहे. यंदा फूल आले नाही. पाने आली.

दर रविवारी नातू पांढरी पळी घेऊन तळ्याच्या चार कोपऱ्यांतले आणि टोपातले पाणी तपासतो आणि वहीत शून्य लिहितो. यंदाचा श्रावण असाच गेला.

भाद्रपदातल्या एका मध्यरात्री मोठी सर येऊन गेली. आम्ही जागे झालो तो परसात विजेरीचा उजेड. सूनबाई तळ्याकाठी उभी. "बाबा, आवाज थांबला म्हणून जाग आली. पंप बंद पडला का हो?" आम्ही बाह्या सारून खाली वाकलो, तो तिने हात धरला. "आधी खटका पाडा." खटका पाडला, पंप वर काढला, जाळीत आंब्याचे एक कुजके पान गच्च बसले होते.