गळ्याचं माप

लग्नसराईत दुकानात येणारा तरुण आधी ठाणाला हात लावतो. कापड बोटांत चोळतो, दाराशी नेऊन उजेडात धरतो आणि विचारतो, "काका, काउंट किती?" शर्ट बेतण्यात उमर घालवलेल्या माणसाची नजर तेवढ्या वेळात त्याच्या मानेवर असते. मान उंच की आखूड, खांदे चौकोनी की उतरते, उजवा डाव्यापेक्षा खाली झुकलाय का. जड बॅग रोज एकाच बाजूला अडकवणाऱ्याचा झुकतोच. शर्ट तिथे ठरतो. रंग आणि कापड मागून येतं.

चेहऱ्याला लागून असते ती कॉलर. अरुंद, लांबट चेहऱ्याला टोकं फाकलेली कॉलर भरदार करते, गोल चेहऱ्याला खाली उतरणारी टोकदार कॉलर हवी. मान लांब असेल तर कॉलरची पट्टी पाव इंच चढवायची, आखूड असेल तर उतरवायची. वरचं बटण लावल्यावर आत दोन बोटं सहज फिरली पाहिजेत. एवढं साधलं की दोनशे रुपये मीटरचं कापडही अंगावर उठून दिसतं. हे साधलं नाही तर दोन हजारांचं कापडही पडेल दिसतं.

अभिजात शर्टाचे नियम घडले लंडनच्या जर्मिन स्ट्रीटवर आणि पॅरिसच्या शार्वेसारख्या जुन्या पेढीत, जिची स्थापना १८३८ची. ते सगळे कोट आणि टाय गृहीत धरून घडले. कफ कोटाच्या बाहीबाहेर अर्धा इंच दिसावा, कॉलरची टोकं कोटाच्या गळ्याखाली दडावीत. मे महिन्यातल्या नागपुरात किंवा दमट मुंबईत कोट कुठला आणायचा? आपल्याकडे शर्ट हेच वरचं वस्त्र, आणि वरचं बटण बहुधा उघडं. कोटासाठी बेतलेली बुटकी, मऊ कॉलर इथे दुपारपर्यंत दोन्हीकडे लोळते. म्हणून पट्टी जरा उंच घ्यावी आणि दुसऱ्या बटणाची जागा नीट ठरवावी. ते वरच्या बटणापासून अडीच इंचांवर असलं तर गळा बेताने उघडतो; साडेतीनवर गेलं की छाती उघडी पडते. रेडीमेड शर्ट घेतानाही बाकी काही नाही तरी हे अंतर तपासावं.

टाय न लावणाऱ्याला खरी साथ देते ती बटणांनी खाली अडकवलेली कॉलर. घोडा दौडताना कॉलर तोंडावर उडू नये म्हणून इंग्लंडमधले पोलो खेळाडू ती बटणांनी बांधत. ते पाहून न्यूयॉर्कच्या ब्रूक्स ब्रदर्सने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती आपल्या शर्टांना लावली. तिच्यात कडक कॅनव्हास मात्र घालू नये. मऊ कापड बटणापाशी जी हलकी कमान घेतं, तीच तिची शोभा.

शर्ट मुळात आत घालायचं वस्त्र. खाली लांब गोलसर पल्ले उरले ते त्यामुळे. आपल्या पैरणीसारखाच तो डोक्यावरून चढवत. पुढून पूर्ण उघडणारा शर्ट लंडनच्या ब्राउन, डेव्हिस आणि कंपनीने १८७१ साली नोंदवला. खिसा तर वेस्टकोट मागे पडल्यावर रुळला. समारंभाच्या शर्टाला खिसा नसावा असं हे लिहिणाऱ्याचं मत आहे. रोजच्या शर्टाला खुशाल असावा, पेन आणि पास कुठेतरी ठेवायचेच असतात.

आता काउंट. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात, तितका त्याचा काउंट. १०० काउंटचं एक पौंड सूत ८४,००० यार्ड भरतं, म्हणजे जवळजवळ ७७ किलोमीटर. पुण्याहून ताणलं तर लोणावळ्याच्याही पुढे जाईल. इतकं तलम सूत एकपदरी वापरलं तर कापड लवकर विरतं, म्हणून दोन पदर पिळून घेतात. तेव्हा तरुणाने काउंटच्या जोडीने पदरही विचारावेत. रोज लोकलने जाणाऱ्याला मात्र १२०चा हव्यास नको. त्याला मध्यम सुताची पॉपलिन पुरते, किंवा थोडी जाड विणीची ऑक्सफर्ड. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला. तिथली सुती पॉपलिन घामाच्या दिवसांत अंगाला चिकटत नाही.

पण सुती कापड आटतं. उमेदवारीच्या दिवसांत हे लिहिणाऱ्याने एका नवरदेवाचं कापड न भिजवताच बेतलं. पहिल्याच धुण्यात गळा अर्धा इंच आटला. मुलाची आई दुकानात आली, शर्टाची घडी टेबलावर ठेवली आणि एक शब्द न बोलता उभी राहिली. त्या दिवसापासून या टेबलावर सुती कापड रात्रभर भिजून, सावलीत वाळून, इस्त्री होऊनच येतं. खडू त्यानंतर.

खांद्याची शिवण हाडावरच पडावी. मुंढा मात्र जितका वर, तितका बरा. रेडीमेड शर्टात तो सगळ्यांना मावावा म्हणून मोठा ठेवतात. मग लोकलमध्ये वरची कडी धरली की अख्खा शर्ट पँटीतून वर येतो. अंगाला धरून बेतलेल्या मुंढ्यात हात वर जातो आणि शर्ट जागेवर राहतो. घालून बघताना आरशासमोर ताठ उभं राहण्यापेक्षा एकदा हात वर करावा. चौकड्याच्या कापडात खिशाची रेघ अंगाच्या रेघेत मिसळलीय का, तेही बघावं. त्यापायी पाव मीटर कापड जास्त लागतं, आणि ते लागू द्यावं.

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त मास्तर तीन पांढरे शर्ट घेऊन आले. अंग शाबूत होतं, कॉलरी मात्र घडीवर झिजलेल्या, दोरे सुटलेले. एकेक कॉलर पट्टीपासून टीप उसवून सोडवली, उलटी केली, न झिजलेली बाजू वर घेतली आणि जुन्याच खुणांवर पुन्हा टीप मारली. एका शर्टाला पाऊण तास लागला. मास्तरांनी तिथेच एक अंगात घातला, वरचं बटण लावलं, मानेशी दोन बोटं फिरवून पाहिली आणि उरलेले दोन पिशवीत ठेवले.