वडिलांची चिलीम

ओझर येथे बाणगंगेकाठी आमचे बालपण गेले. दर शनिवारी वडिलांची चिलीम साफ करणे हे आमचे काम असे. आतील खडा काढावा, तारेने कीट खरवडावे आणि चिलीम गोवऱ्यांच्या विस्तवात ठेवावी; निवल्यावर काळी माती पुन्हा लाल दिसे. वडील शाबासकी देत व आम्हांस धन्यता वाटे.

तंबाखू मूळची आपल्या देशातील नव्हे. ती पोर्तुगीजांबरोबर आली. जहांगीर बादशहाने १६१७ साली तिजवर बंदी घातली, तरी ती राहिलीच. मग आमच्या विनवण्यांनी काय होणार? "सवय आहे रे बाळा," एवढेच वडील म्हणत. आम्ही दहावीत असताना खोकल्याने त्यांस नेले.

आज आमच्या कपाटात गावोगावच्या कुंभारांनी घडविलेल्या अकरा चिलमी आहेत. "सर, आपण ओढीत नाही, मग जमविता कशास?" असे विद्यार्थी विचारतात. कुंभाराच्या कसबासाठी, असे आम्ही सांगतो. ते खरेच आहे. परंतु बारावी चिलीम वडिलांची आहे. तेवढी आम्ही अद्याप विस्तवात घातलेली नाही. विद्यार्थ्यांनो, तिच्यातील काजळी अवश्य पाहा. मातीस विस्तव शुद्ध करतो. मनुष्याच्या छातीस तसा विस्तव नाही.