एका पाल्याची तीन नावे

आमची कुलस्वामिनी तुळजापूरची भवानी. हैदराबादेत आमच्या घराण्याच्या चार पिढ्या झाल्या, तरी घरात मंगलकार्य पार पडले की देवीची ओटी भरल्यावाचून आईला चैन पडत नाही. धाकट्या मुलाचे लग्न झाले आणि ब्याऐंशी वर्षांच्या आईने हट्ट धरला, "या वेळी ओटी माझ्याच हाताने भरायची." थोरल्या मुलाने आपली जुनी मोटार काढली. आई, मी आणि सात वर्षांची नात असे आम्ही माघातल्या एका पहाटे काचीगुड्याहून निघालो.

निघताना नात म्हणाली, "आजोबा, मला पोहे नक्को." मी तत्काळ दुरुस्ती केली, "नक्को नव्हे, नको!" मुलांच्या निबंधांतील दखनी शब्दांवर तीस वर्षे तांबडी शाई फिरवणाऱ्या मास्तराला दुसरे काय सुचणार? आई नुसती हसली.

पटणचेरू, संगारेड्डी, सदाशिवपेठ मागे पडले. झहीराबाद ओलांडून कर्नाटकाच्या हद्दीत शिरलो आणि थोड्याच वेळात उष्णतेचा काटा लाल रेघेला टेकला. बॉनेटमधून वाफा निघू लागल्या. मुलगा रेडिएटरचे झाकण उघडायला सरसावला, तोच एक मोटारसायकलवाला ओरडला, "हात मत लगाओ, जल जाते!" उकळते पाणी तोंडावर उडून माणसे भाजतात, हे त्यानेच समजावून सांगितले आणि मेकॅनिक आणायला तो आल्या वाटेने परत गेला. त्याचे नावही आम्ही विचारले नव्हते.

ऊन चढू लागले होते. आईचा चेहरा उतरलेला पाहून, आपण तिला उगाच आणले, असे मला वाटू लागले. इतक्यात रस्त्यापलीकडच्या शेतातल्या घरातून एक बाई आल्या आणि आईचा हात धरून म्हणाल्या, "ऊटा आतेन्री?" जेवण झाले का, इतकाच त्याचा अर्थ. आईने कानडीतच उत्तर दिले! आईचे माहेर हुमनाबाद तालुक्यातले, हे मला ठाऊक होते. पण तिच्या तोंडून कानडी मी आजवर ऐकली नव्हती. सासरी आल्यावर तिच्याशी त्या भाषेत बोलणारे कोणी उरलेच नसावे. घटकाभरात दोघी जुन्या मैत्रिणींसारख्या बोलत बसल्या.

ज्वारीची भाकरी आणि आंबट पालेभाजी पुढे आली. बाई तिला 'पुंडी पल्ल्या' म्हणाल्या. आमच्या बाजारातली तेलुगू भाजीवाली तिलाच 'गोंगुरा' म्हणते. आई नातीला म्हणाली, "अगं, ही आपली अंबाडी!"

मेकॅनिक आला तो "अम्मा, फिकर नक्को करो, अब्बीच होता" असे म्हणतच. रेडिएटरचा रबरी पाइप टोकाशी फाटला होता. त्याने फाटका भाग कापला, उरलेला पाइप ओढून बसवला, पट्टी आवळली आणि इंजिन थंड झाल्यावर पाणी भरले. "हुमनाबाद में नवा डाल लेओ," असे बजावले. मी पाकीट काढताच हात जोडून म्हणाला, "पैसे नक्को, साब. अम्मा देवी को जारे."

नातीने माझ्याकडे रोखून पाहिले. मी मान खाली घातली. 'नक्को' हा आपलाच 'नको'. 'अब्बीच'मधला 'च'ही आपलाच. दखनीने हे मराठीकडून घेतले आणि शतकानुशतके सांभाळले. आपलेच लेणे परक्याचे समजून मी ते खोडीत आलो होतो.

१९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली आणि जुन्या हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. बीदर, हुमनाबाद, भालकी म्हैसुरात. झहीराबाद, नारायणखेड आंध्रात. आई तेव्हा तेरा वर्षांची होती. मोटारीत बसताना ती सहज म्हणाली, "आम्ही कुठं हललो होतो रे? शीव तेवढी हलली."

हुमनाबादेत नवा पाइप बसवला आणि जवळच माणिकनगरला माणिकप्रभूंच्या समाधीचे दर्शन घेतले. १८६५ साली समाधिस्थ झालेल्या या सत्पुरुषाने मराठी, कानडी आणि हिंदी या तिन्ही भाषांत पदे रचली आणि त्यांच्याकडे हिंदूंबरोबर मुसलमान भक्तही येत. एरवी ही माहिती मी वर्गात एका वाक्यात सांगून मोकळा झालो असतो. त्या दिवशी मात्र तिथून लवकर उठवेना.

दिवस मावळताना आईने आपल्या हाताने देवीची ओटी भरली.

परतल्यावर वह्या तपासताना एका निबंधात 'नक्को' आढळला. लेखणी क्षणभर थबकली. मग तो शब्द न खोडता समासात लिहिले : 'शब्द आपल्याच घरचा आहे. निबंधात मात्र नको असे लिहावे.'